मोठ्या आईचं पाऊल आणि गाडीचं पायदान

मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. पत्रकात मागणी पहिल्या ओळीत यावी लागते, कारण दुसरी ओळ लोक वाचतीलच याची खात्री नसते. म्हणून इथंही आधी मागणी मांडते: उंच गाड्या बनवणाऱ्यांनी गाडी बनवताना समोर एक म्हातारी उभी करावी. गुडघे गेलेली, लुगड्यातली, आणि कोणी दंडाला धरलं तर फाडून खाईल अशी. मग दार किती उंचीवर ठेवायचं ते ठरवावं.

ही मागणी अजून कोणी मान्य केलेली नाही. त्यामुळं ती आम्हालाच आमच्या पातळीवर सोडवावी लागली, आणि सोडवताना आम्ही सगळ्यांनी मिळून जो गोंधळ घातला तो आठवला की मला आजही हसू येतं आणि त्या गाडीवर माया दाटून येते.

गाडी संघटनेची. संघटना हा शब्द जरा मोठाच झाला. आम्ही म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेली माणसं, वेगवेगळ्या पुनर्वसन वसाहतींत विखुरलेली, अधूनमधून कुठंतरी एकत्र बसणारी. जंगलाच्या एका ठेकेदारानं जुनी झाली म्हणून काढलेली पिकअप आम्हाला मिळाली होती. पुढं तिघं बसतील अशी केबिन, मागं उघडा डाला, आणि चारही चाकांना जोर. तो जोर आम्हाला लागायचाच. काही गावांचा जुना रस्ता धरणाचं पाणी चढलं की पाण्याखाली जातो. मग उरतो तो बांध्यांमधला रस्ता. बांधी म्हणजे धानाचं खाचर, आणि दोन बांध्यांच्या मध्ये मातीचा धुरा. धुऱ्यावर चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं.

मोबाइलवर एक जमात आहे, ती अशाच गाड्या घेऊन मुद्दाम रस्ता सोडून हिंडते. त्याला ओव्हरलँडिंग म्हणतात. टपावर तंबू, मागं चूल, आणि चिखलात फसले की सगळे टाळ्या वाजवतात. मला आधी भयंकर राग यायचा. चांगला डांबरी रस्ता असताना तो सोडायचा आणि वर त्याचं कौतुक! आमचा रस्ता बुडाला म्हणून आम्ही धुऱ्यावरून जातो तर त्याला कोणी ओव्हरलँडिंग म्हणत नाही. त्याला ‘गैरसोय’ म्हणतात, तेही अर्जात. पण खरं सांगायचं तर गाडीबद्दल मला जे काही कळलं ते याच लोकांकडून. राग करत करत मी त्यांचे सगळे व्हिडिओ पाहिले.

आता मोठी आई. माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. माझ्या पत्रकानं सभेला बाप्ये येतात, बायका येतात त्या मोठ्या आईनं. ती गावात उतरली की पहिल्यांदा कुठल्यातरी ओसरीवर टेकते. रोवणी आटोपली का, सुनेला कितवा महिना, त्या लंगड्या शेळीचं का झालं, हे सगळं विचारून होईपर्यंत मी घड्याळ पाहत दात खात उभी. पण ती उठते तेव्हा तिच्यामागं आळीतल्या सगळ्या बायका उठतात. माझ्या शब्दांत विस्थापन, हक्क, न्याय असं सगळं असतं. तिच्या बोलण्यात यातलं काहीच नसतं, आणि लोक तिचंच ऐकतात. मी हे सुरुवातीला मनाला लावून घ्यायची. मग सवय झाली, आणि सवयीतून तिचा अभिमान वाटायला लागला.

गुडघे तिचे रोवणीनं गेले. जन्मभर चिखलात कंबरेत वाकून धान रोवलं की गुडघे जातातच. यावर मी वेगळं पत्रक लिहू शकते, पण ते इथं नको.

गाडी आली तेव्हा सीट छातीला येत होती. म्हणून मामांनी लगेच नागपूरहून पायदानं आणली. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आणि आता आमच्या गाडीचे सर्वेसर्वा. पायदानं चकचकीत अॅल्युमिनियमची, दाराखाली लोंबणारी, शहरातल्या मोठ्या गाड्यांना असतात तशी. मोठी आई पाय ठेवून आरामात चढली. वर बसल्यावर म्हणाली, “भाऊ, हे मस्त केलं तुमी. आता मले गाडीवाल्या सायबाची माय असल्यासारखं वाटून राहिलं.”

पण आमच्या जिल्ह्यात पायदान म्हणजे चढायची पायरी नव्हे. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये ज्यांचा जन्म गेला त्यांच्यासाठी पायदान ही उभं राहून जायची जागा असते. सभा सुटली, डाला भरला, उरलेले बाप्ये दोन्ही बाजूंनी पायदानावर उभे राहिले. मामा ओरडले, “उतरा बे, ते शोभेचं आहे!” तर एकजण म्हणाला, “शोभेचं आहे तं आमीही शोभूनच राहिलो ना, मामाजी.” घरी पोचेपर्यंत दोन्ही पायदानं केळीच्या पानासारखी लवली. जे काही उरलं होतं ते पुढच्या खेपेला एका धुऱ्यानं उपटून घेतलं. आम्ही ते चिखलातून उचलून डाल्यात टाकलं.

त्यानंतरच्या सभेला जाताना पायदानच नव्हतं. मोठी आई दाराशी उभी राहिली. पाय उचलून पाहिला, जमलं नाही. तेवढ्यात दोन तरण्या पोरांनी मागून येऊन दोन्ही दंड धरले आणि ‘हैस्सा’ म्हणत तिला वर टाकली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण चढायला थांबलेले सगळे हसले, आणि तिचं लुगडं गुडघ्याच्या वर गेलं.

ती लुगडं सावरून बसली. सभा केली, परत आली, तशीच दोघांच्या हातांवर खाली उतरली आणि मग मला म्हणाली, “हे माझं शेवटचं. धानाचं पोतं चढवते तसं मले चढवून राहिले. तुमचं तुमी पाहा आता.”

मला वाटलं, राग आहे, उतरेल. नाही उतरला. पुढच्या गावी आम्ही तिच्याशिवाय गेलो. ओसरीवर एक बाई नाही. मी घरोघरी जाऊन पत्रकं दिली, बायकांनी ती घेतली, घडी करून डब्याखाली ठेवली, आणि विचारलं, “मोठी आई काहून नाही आली?” मी म्हटलं, गुडघे दुखतात. “मंग आमचेही दुखतेत,” एक म्हणाली आणि दार लोटलं.

हे प्रकरण पायदानाचं होतं आणि अजिबात पायदानाचं नव्हतं.

म्हणून मी तिला पवनीला वेल्डिंगच्या दुकानात घेऊन गेले. ती यायला तयार नव्हतीच. मी म्हटलं, पायदान तुझ्या पायासाठी आहे, तुझा पाय नको का तिथं? त्यावर ती म्हणाली, “पाय घेऊन जा. बाकीची मी घरी राहते.” शेवटी बाजाराचं निमित्त करून आली, ऑटोनं. गाडीत बसून नाहीच.

दुकानदार माझ्याच वयाचा, फार बोलका. गाडी पाहताच त्यानं आम्हाला टपावर लाइटची पट्टी, पुढं जाळी आणि भोंगा असं सगळं सुचवलं. पायदानाचं मात्र विचारल्यावर आठवलं.

मामांचं म्हणणं, तसंच खाली लोंबणारं पायदान लावा, फक्त लोखंडाचं. माझं म्हणणं, खाली लोंबणारी प्रत्येक गोष्ट धुरा खातो, लोखंड असो की सोनं. आपल्याला पायदान नको, रॉक स्लायडर पाहिजे. मी मोबाइल काढून दाखवलं. दाराखाली लांब जाड पाइप, पत्र्याला नव्हे तर थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पकडलेला, थोडा बाहेर आणि वर तिरपा. गाडीचं पोट धुऱ्याला लागलं तर सगळं वजन पाइपावर येतं आणि गाडी त्याच्यावरून घसरत पुढं जाते. दाराखालचा पत्रा चेपत नाही. वर पट्टी मारली तर पायही ठेवता येतो.

“खडक कुठं आहे आपल्याकडं?” मामा म्हणाले. “चिखलाले रॉक स्लायडर?”

“मग धुरा स्लायडर म्हणा,” मी म्हटलं. “पण लोंबणारं काही नको.”

“आन बाईंनी कसं चढाचं?”

स्लायडर चेसिसच्या उंचीवर बसतो. खाली घेतला तर तो पुन्हा लोंबणारं पायदानच होतो, मग धुरा आहेच. दुकानदारानं पत्र्याचे तुकडे, विटा, जॅक, जे हाती लागेल ते दाराखाली मांडून उंची करून दाखवायला सुरुवात केली. मोठी आई दाराची मूठ धरून एकेकावर पाय ठेवून पाहायची. “हे जमते. हे नाही. हे तं बिलकुल नाही, हे तुमच्या लग्नाच्या घोड्यासाठी ठेवा.” बघ्यांची गर्दी जमली. पवनीत बाजाराच्या दिवशी म्हातारी विटेवर चढते-उतरते आहे, याहून चांगलं मनोरंजन कुठं मिळणार?

“बाई, फोल्डिंगचा जिना लावून देतो,” दुकानदार म्हणाला.

“जिना लावतं तं वर एक खोलीही बांधून दे. मंग मी तिथंच राहीन.”

“मंग लहानसा स्टूल ठेवा गाडीत. चढाच्या वेळी काढाचा.”

“आन कोणी काढाचा? एक जण स्टूल धरन, एक जण मले धरन, एक जण लुगडं धरन. मी सभेले जाऊन राहिली का मांडवात?”

गर्दी हसली. तीही हसली, पण तिला घाम आला होता. शेवटी तिला जमेल ती उंची आणि स्लायडर जिथं बसणार होता ती उंची, या दोन्हींत फरक निघाला बोटांचा. हाताची बोटं आडवी लावून तिनंच मोजलं. “चारच बोटं,” ती म्हणाली.

मला संताप आला. कोणावर काढू कळेना. गाडीवर? धुऱ्यावर? पाणी चढतं त्या रस्त्यावर? सगळ्या मोठ्या अन्यायांविरुद्ध मला घोषणा येतात. चार बोटांविरुद्ध एकही येत नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, खालीच लावा, तुटलं तर तुटलं, दर खेपेला नवीन लावू.

मोठ्या आईनं मला थांबवलं. “पोरी, गाडी रस्त्यात फसून बसली तं मी आत बसून का करू? गाडी पोचली पायजे. लावा तुमचा तो पाइप, वर लावा.” आणि पिशवी उचलून वांगी घ्यायला निघून गेली.

म्हणजे निर्णय झाला, आणि तो माझ्याच बाजूनं झाला. इतकं वाईट मला हरल्यावरही वाटलं नसतं.

स्लायडर मात्र अस्सल निघाले. दुकानदारानं चेसिसला वेल्डिंगचा डाग मारला नाही, मोठ्या यू-बोल्टांनी आवळून बसवले, वर खडबडीत पट्टी मारली आणि ‘यावर हत्ती उभा करा’ असं सांगितलं. हत्ती नव्हता, पण पुढच्या सभेहून परतताना दोन्ही बाजूंनी बाप्ये उभे राहिले आणि पाइप तसूभर हलला नाही. ज्या धुऱ्यानं आमचं अॅल्युमिनियम खाल्लं होतं त्याच्यावर गाडीचं पोट टेकलं, गाडी घर्र करत घसरली आणि पलीकडं उतरली. मामांनी स्टीअरिंगवर थाप मारली. “कशी घसरली पाहा! बोडीच्या पाण्यात शिरणाऱ्या म्हशीवानी!” म्हणाले आणि मग दिवसभर तेच एक वाक्य भेटेल त्याला ऐकवत राहिले. मी आनंदात नव्हते असं नाही. पण माझ्या बाजूची मधली जागा रिकामी होती.

तशात भादव्यात एक बैठक ठरली. पाण्याकाठच्या एका गावात मासेमारीची संस्था उभी राहत होती, आणि तिच्यात बायकांची नावं घ्यायची की नाही हे त्या दिवशी ठरणार होतं. जाळी विणणार बायका, मासे बाजारात नेऊन विकणार बायका, आणि संस्थेत नावं फक्त बाप्यांची! मी पत्रक असं काढलं होतं की वाचून कागद पेटावा. पण मला माहीत होतं, त्या गावच्या बायका मोठी आई आल्याशिवाय बैठकीला विहाराच्या ओसरीवर पाय ठेवणार नाहीत, आणि त्या आल्या नाहीत तर बाप्ये ‘बायकांचं काही म्हणणं नाही’ असं लिहून मोकळे होतील. हे तिलाही माहीत होतं. मी तिला सांगायला गेले तर म्हणाली, “मले नको सांगू. पाहू नको माझ्याकडं तशी.”

त्या दिवशी गाडी आमच्या पुनर्वसनातून निघाली तेव्हा डाला गच्च भरला होता. दोन्ही स्लायडरवरही माणसं. मामांनी गाडी मोठ्या आईच्या घरासमोर थांबवली, कारण त्या गावातल्या तिच्या मैत्रिणीसाठी लाखोळीची डाळ द्यायची होती. माझ्या दाराजवळचे दोघं उतरून बाजूला झाले. ती गाठोडं घेऊन आली आणि ते माझ्या मांडीवर ठेवून बोलायला लागली. डाळ कोणाला द्यायची, तिला काय सांगायचं, तिच्या नवऱ्याला अजिबात काय सांगायचं नाही. बोलता बोलता तिनं एक पाय उचलून स्लायडरवर ठेवला. ओट्याशी उभी राहून बोलताना ठेवते तसा, सहज.

मी ऐकत होते, मला दिसलं नाही. मामांना दिसलं. ते पलीकडून वाकून पाहत होते.

“बाई,” मामा हळूच म्हणाले, “पाय कुठं ठेवला तुमी?”

तिनं खाली पाहिलं. आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं.

वडील माणसाला आधी बसवायचं. हे आमच्याकडं कोणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. गाडी आली की पहिल्यांदा पुढची जागा पुसायची, मोठ्या आईला बसवायचं आणि मगच बाकीच्यांनी चढायचं. ती उभी असताना कोणी बसून राहिला असता तर त्याची आईच त्याला घरी झोडपती. म्हणजे ती नेहमी रिकाम्या गाडीत चढत होती. रिकाम्या पिकअपचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, ताठ असतात, गाडी सगळ्यात उंच तेव्हाच असते. दुकानातही आम्ही उंची रिकाम्या गाडीची मोजली होती. आज डाल्यात अर्धं गाव बसलं होतं आणि पाटे दबून गाडी खाली आली होती. आमच्या मानपानानं आम्ही तिला प्रत्येक वेळी चार बोटं वर चढायला लावत होतो.

मोठ्या आईनं दाराची मूठ धरली, दुसऱ्या पायानं जमीन सोडली आणि स्लायडरवर उभी राहिली. तिथून केबिन म्हणजे एक साधी पायरी. तिनं मला म्हटलं, “सरक.”

मी सरकले. ती बसली. लुगडं नीट केलं, श्वास घेतला आणि मग मागं वळून काचेतून डाल्याकडं पाहिलं.

“म्हंजे मले आता सगळ्यात शेवटी चढा लागन?”

“हो,” मी म्हटलं.

“आन हे सगळे बाप्ये आधीच बसून मले पाहून राहतीन?”

मागून कोणीतरी ओरडलं, “आमी तिकडं पाहून राहतो, मोठी आई!” आणि खरंच, डाल्यातल्या सगळ्यांनी माना वळवून समोरच्या हातपंपाकडं पाहायला सुरुवात केली. हातपंपावर पितळी गुंडात पाणी भरणारी बाई दचकून म्हणाली, “का झालं रे तुमाले?”

“भाऊ, चाला,” मोठी आई मामांना म्हणाली. “हे मुडदे तिच्याकडं पाहून राहिले, ती गुंड फेकून मारन.” डाळीचं गाठोडं तिनं माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. “हे मीच देते.”

वाटेत ती माझं पत्रक मागून घेऊन वाचत होती. वाचून म्हणाली, “चांगलं आहे. पण आधी हे विचार ना, का जाळं कोण विणते.” मी म्हटलं, ते तिसऱ्या परिच्छेदात आहे. ती म्हणाली, “तिसऱ्यात कोण जाते, पोरी?” मामा इतके हसले की गाडी धुऱ्यावर तिरपी चढली. स्लायडर घर्र वाजला. मोठी आई दाराची मूठ धरून म्हणाली, “हा आवाज त्याच पाइपाचा का? बरा आहे.”

गावात पोचलो. विहाराच्या ओसरीवर बाप्ये आधीच सतरंजीवर बसले होते. बायका आपापल्या दारात, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. गाडी थांबली आणि डाल्यातल्यांनी नेहमीप्रमाणं उड्या मारायला पाय बाहेर काढले.

“थांबा!” मोठी आई ओरडली. “कोणी उतराचं नाही. तुमी उतरले का गाडी वर जाते.”

सगळे जिथल्या तिथं. एकाचा पाय डाल्याच्या फळीवर, एकाचा हवेत. स्लायडरवर उभे असलेले टपाची सळई धरून तसेच, आमच्या दाराजवळचे दोघं मात्र आत डाल्यात शिरले. मोठी आई दार उघडून वळली, पाय पाइपावर, मग जमिनीवर. तिनं कोणाचा हात घेतला नाही. पदर डोक्यावर ओढला, गाठोडं काखेत मारलं आणि एकटीच चालत गेली. ओसरीकडं नाही, पहिल्या दारातल्या बाईकडं. “जयभीम वो. रोवणी आटोपली का?”

दुसऱ्या दारातली बाहेर आली, तिसऱ्यातली आली. मी माझी पत्रकं घेऊन तिच्या मागून उतरले, आणि बायकांपर्यंत पोचेस्तोवर त्यांचा घोळका ओसरीकडं निघालाही होता. सतरंजीवरच्या बाप्यांना सरकून जागा करावी लागली.

मागून डाल्यातून दबक्या आवाजात विचारणा झाली, “मामाजी, आता उतरू का?”

“मले नका विचारू,” मामा म्हणाले. “तिले विचारा.”

तिला विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. ओसरीवर मोठी आई बायकांच्या मधोमध बसली आणि पहिला प्रश्न तिनंच केला, जाळं कोण विणते म्हणून. बैठक सुरू झाली तेव्हा आमचे अर्धे बाप्ये अजून गाडीतच होते.